न लिंपलेली कणगी

प्रदर्शनात कलाकृतीशेजारी पुठ्ठ्याची एक पाटी असते. तिच्यावर वर इंग्रजी मजकूर असतो आणि खाली मराठी. त्यातला खालचा मजकूर मी लिहितो. ‘अवकाशाशी संवाद साधणारी रचना’ अशी वाक्यं तुम्ही कुठे वाचली असतील तर ती माझी असण्याची बरीच शक्यता आहे. लोक ती वाचत नाहीत, त्यामुळे मीही जिवाला लावून घेत नाही. मी शहापुरात राहतो, म्हणून आमच्या बाजूच्या कुणाचं काम मुंबईत मांडलं जाणार असलं की पाटी माझ्या गळ्यात येते. पंढरी आगिवले मला असाच भेटला.

पंढरीचा उंबरपाडा डोळखांबच्या पुढे, रस्ता संपतो त्याच्याही वर आहे. माणूस पंचेचाळिशीचा, अंगाने काटक आणि बोलायला महाकंजूष. अर्धं लहानपण पाड्यात गेलं, अर्धं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. शाळा कितवीपर्यंत झाली हे त्याला नीट सांगता येत नाही, कारण दर दिवाळीनंतर घर उठायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. बांबू मात्र त्याने बापाकडून शिकून घेतला. बाप, देवजी, पाड्यातल्या निम्म्या घरांच्या कणग्या विणायचा. बापामागून पंढरीने टोपल्या विणल्या, भातसानगरच्या वसाहतीत कुंपणं घातली, लग्नांचे मांडव उभे केले. मग त्याला कुणाली भेटली.

कुणाली कल्याणची. डिझाइन शिकलेली पोरगी, वडिलांशी भांडून मुरबाड रस्त्यावरच्या एका बंद भातगिरणीत तिने बांबूकामाचा कारखाना टाकला. हॉटेलांचे दिवे, खुर्च्या, पडदे. पंढरी तिचा पहिला कारागीर. नंतर शेजारच्या पाड्यातला मंगळू आला, तो तर महिनोन्‌महिने तिथेच राहायचा. कुणाली कागदावर चित्र काढायची. पंढरी ते बघून ‘व्हईल’ म्हणायचा, नाहीतर ‘व्हायचं नाय’ म्हणायचा. शेवटी जे तयार व्हायचं ते बरेचदा दोघांच्याही मनातलं नसायचं, आणि तेच चांगलं असायचं. त्या वस्तू प्रदर्शनात मांडल्या जायच्या तेव्हा पाटीवर कुणालीचं नाव असायचं. यात तिची लबाडी नव्हती. त्या जगात पाटीवर एकच नाव लिहायची पद्धत आहे, आणि तिला स्वतःलाच ती खुपायला लागली होती.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिला मुंबईतून बोलावणं आलं. फोर्टातल्या एका दालनात नवं प्रदर्शन होणार होतं. स्वतः कल्पना करणारे आणि स्वतःच्याच हातांनी घडवणारे, असेच लोक त्यात हवे होते. कुणालीने दालनवाल्यांना पंढरीचं नाव दिलं आणि त्याला म्हणाली, ‘‘पंढरीदादा, ह्या वेळी माझं चित्र नाही. तुमच्या डोक्यात असेल ते करा.’’

पंढरी पुन्हा कामाला लागला. बरेच दिवस त्याने तो विषय काढला नाही. तिला वाटलं, हा विसरला. मग एके दिवशी मी पाटीच्या मजकुरासाठी गिरणीत गेलो असताना, बांबूच्या कामट्या तासता तासता तो आपणहून सुरू झाला. मी त्याला सलग इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

कणगी सगळ्यांना ठाऊक असते, पण तरी सांगतो. भात साठवायची ती बांबूची उंच कोठी, पोटाला फुगीर. बापाने नवी कणगी विणली की ती लगेच भातासाठी घेत नसत. आधी ती आतून बाहेरून शेणामातीने लिंपायची. विणायचं काम पुरुषाचं, लिंपायचं बाईचं. विणकाम संपलं की बाप कोयता धुऊन बाजूला व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी आई माती कालवायला घ्यायची. मधला एक दिवस कणगी अंगणात तशीच उभी असायची. त्या दिवशी पंढरी तिच्यात उतरून बसायचा. कामट्यांच्या फटींतून ऊन आत यायचं, अंगावर, हातावर, मातीवर. सूर्य सरकला की सगळं सरकायचं. बाहेरची माणसं दिसायची, बाहेरच्यांना हा दिसायचा नाही. दुसऱ्या दिवशी आई लिंपायची आणि आत काळोख व्हायचा.

‘‘मला तो मधला दिस करायचाय,’’ तो म्हणाला.

कुणालीने माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. यावर लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, हे मी तिथल्या तिथे कबूल केलं.

तर कणगी ठरली. माणसाहून उंच, विण मुद्दाम विरळ, आणि खाली वाकून आत जाता येईल एवढं एक दार. दालनात वरून दिवा सोडायचा, तो हळूहळू फिरत राहील अशी सोय कुणालीने करून घेतली. बांबू पाड्याजवळचाच हवा म्हणून पंढरीने काम घरीच, अंगणात करायचं ठरवलं. कापणी-झोडणी उरकली होती, अंगण मोकळं होतं. कामट्या काढण्यात, भिजवण्यात, विणण्यात पौष निघून गेला. एकदा अर्धी विणलेली कणगी त्याने उलगडून पुन्हा विणली, कारण फटी त्याला हव्या तशा पडत नव्हत्या. कुणाली अधूनमधून फोन करायची, तो ‘व्हतंय’ एवढंच सांगायचा.

आता या माणसाची मोठी खोड सांगतो. जे त्याने कुणालीला सांगितलं, मला सांगितलं, ते बायकोला सांगितलं नाही. सावळीने विचारलं, एवढी मोठी कणगी कुणासाठी? तर म्हणे, ‘‘मुंबईला जायाचीय.’’ एवढंच. सावळी त्याच्या नेमकी उलट, बोलायला लागली की ओढ्याला पूर येतो. तिने पाड्यातल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, आमच्या ह्याची कणगी मुंबईला चाललीय, मोठमोठी माणसं बघायला येनार. तिला नवऱ्याचा अभिमान होता. कुणाच्या घरी कणगी मोडली की पंढरीला बोलावतात, हे ती अजूनही नव्याने ऐकल्यासारखं सांगते. फटी जरा जास्तच आहेत हे तिच्या लक्षात आलं होतं. पण विणकाम पुरुषाचं, त्यात बाईने तोंड घालू नये, म्हणून ती गप्प राहिली. तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी पंढरी ताडपत्री आणि दोरखंड आणायला शहापूरला गेला. सकाळी गेला तो संध्याकाळी उन्हं उतरल्यावर परतला. अंगणात बायका जमल्या होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. आणि मधोमध कणगी, आतून बाहेरून लिंपून, वर बोटांची नक्षी ओढून, ओली, घट्ट, काळोखी. विरळ विण भरायला माती भरपूर लागली होती. सावळी आणि शेजारची प्रेमा यांनी ओढ्यावरून ती घमेल्यांनी वाहिली होती. तेवढं दार कशासाठी ठेवलंय ते कळलं नाही, म्हणून सोडलं होतं.

‘‘कशी झाली?’’ सावळीने विचारलं. तिला शाबासकी हवी होती.

पंढरीने कणगीभोवती एक फेरी मारली. ‘‘बरी झाली,’’ तो म्हणाला.

बायका आपापल्या घरी गेल्यावर त्याने हळूच विचारलं, लिंपली कशाला? तेव्हा सावळी त्याच्याकडे बघतच राहिली.

‘‘कशाला म्हंजे? मी जित्ती हाय ना आजून?’’

तिथे पंढरीला कळलं. हे आधीच कळायला हवं होतं, पण आपल्या डोक्यातल्या उन्हात तो इतका रमला होता की ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्याकडच्या पाड्यांत बाई गेली की त्या वर्षी घरात जी नवी कणगी होते, ती लिंपत नाहीत. सून, लेक, शेजारीण, कुणीही असलं तरी त्या वर्षी लिंपायचं नाही. उघडी कणगी दिसली की आलेला माणूस समजून जातो आणि काही विचारत नाही. न लिंपलेली कणगी घराबाहेर काढायची, मुंबईला न्यायची, मोठमोठ्या माणसांना दाखवायची, म्हणजे आपल्या धडधाकट बायकोला गावभर मेलेली सांगायची. सावळीला वाटलं होतं, नवऱ्याला घाई आहे, सांगायला सुचलं नाही, आपण वेळेवर लक्ष घातलं म्हणून अब्रू वाचली.

त्याने उंबराच्या झाडावर चढून कुणालीला फोन लावला. पाड्यात फोन तिथेच लागतो.

‘‘कणगी लिंपली,’’ तो म्हणाला.

कुणालीला आधी कळेना. कळल्यावर म्हणाली, ‘‘दादा, अजून ओली असेल. धुता येईल का?’’

‘‘येईल.’’

‘‘मग धुवा ना.’’

‘‘धुनार नाय,’’ पंढरी म्हणाला, आणि झाडावरून उतरला.

त्याने हे का केलं ते त्याने कुणालाच समजावलं नाही. मला समजलं ते असं. ‘धू’ म्हणायचं, तर ते सावळीच्या तोंडावर ‘तू मेलीस’ म्हणण्यासारखं झालं असतं. जन्मात एकदाच स्वतःच्या मनाची वस्तू करायला मिळाली होती, ती त्याने त्या संध्याकाळी सोडून दिली, आणि जेवायला बसला. जेवला मात्र नीट नाही. सावळीने विचारलं तर पोट दुखतंय म्हणाला.

सकाळी टेम्पो आला. लिंपण कच्चं होतं, वाटेत कुठे तडकलं तर सांधायला हवं, म्हणून सावळीही निघाली. बरोबर तिने गोणीत माती आणि झाकणाच्या डब्यात शेण घेतलं. मी शहापूरला टेम्पोत बसलो, कारण पाट्या माझ्याकडे होत्या आणि कुणालीने रडवेल्या आवाजात सांगितलं होतं की पंढरीदादांच्या पाटीवरचा मजकूर बदलावा लागेल. काय बदलू, ते तिनेही सांगितलं नव्हतं. पंढरी मागे हौद्यात कणगीला धरून बसला होता. आमचे रस्ते कसे आहेत ते मी सांगायला नको. भिवंडी बायपासपर्यंत मागून ढेकळं पडल्याचे आवाज येत होते आणि सावळी प्रत्येक आवाजाला ड्रायव्हरच्या खानदानाचा उद्धार करत होती.

दालनात कणगी उतरवली तेव्हा निम्मं लिंपण निघालेलं होतं. उरलेल्याला भेगा गेल्या होत्या. गुळगुळीत फरशीवर माती सांडली म्हणून तिथला शिपाई वैतागला. कुणाली मात्र कणगीभोवती फिरली आणि तिचा चेहरा उजळला.

‘‘वहिनी, हे असंच राहू द्या. ह्या भेगा किती सुंदर दिसतायत!’’

‘‘भेगा पडलेली कणगी सुंदर?’’ सावळी म्हणाली. ‘‘उंदरांना इचार, ते बी सुंदरच म्हनतील. पानी कुठं हाय?’’

तिने बादलीत माती कालवली, शेण मिसळलं आणि बाहेरून सांधायला घेतलं. कुणाली माझ्याकडे बघून खांदे पाडून उभी. पंढरी भिंतीला टेकून. त्याला कुणी काही विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याने काही सांगितलं नसतं. बाहेरचं थोडं झाल्यावर सावळी मातीचा गोळा घेऊन त्या दारातून वाकून आत गेली.

त्याच वेळी वायरमनने दिवा तपासायला घेतला. वर छताला टांगलेला तो दिवा लागला आणि संथपणे फिरू लागला. जिथून लिंपण पडलं होतं तिथून उजेड आत शिरला असणार. बाहेरून आम्हाला काही दिसत नव्हतं. एवढंच कळत होतं की आतून माती थापल्याचा आवाज थांबलाय. बडबड तर केव्हाच थांबली होती, आणि सावळीची बडबड थांबणं ही साधी गोष्ट नाही. कुणालीने ‘वहिनी?’ म्हणून हाक मारली.

मग आतून आवाज आला. हाक कुणालीला नव्हती.

‘‘आरं, ह्ये तू आदी का नाय सांगितलंस?’’

‘‘काय सांगू?’’ पंढरी म्हणाला.

‘‘ह्येच.’’

आत पुन्हा आवाज सुरू झाला, पण थापण्याचा नव्हे. मुठीने ठोकण्याचा. पहिलं ढेकूळ फरशीवर पडलं, मग दुसरं. पंढरीला जे चाललंय ते आमच्याआधी कळलं आणि तो भिंत सोडून धावला.

‘‘नको गो. ऱ्हाऊ दे. नको काढू तू.’’

‘‘तू गप,’’ सावळी म्हणाली. ‘‘आता बोलायला लागलास व्हय?’’

तिने आतलं सगळं लिंपण काढलं, मग बाहेर येऊन बाहेरचं काढलं. स्वतः ओढलेली बोटांची नक्षी आपल्याच नखांनी खरवडली. मग फडकं ओलं करून कामटी न् कामटी पुसली. पंढरीने हात लावायचा प्रयत्न केला तर त्याला ढकलून दिलं. मी कुणालीला म्हटलं, आपण चहा पिऊन येऊ. तिला अशा वेळी चहा कसा सुचतो असं वाटलं असेल, पण ती आली. परतलो तेव्हा कणगी मोकळी झाली होती. पेरांच्या खोबणीत थोडी माती उरली होती, ती राहिलीच. पाटीवरचा माझा मजकूर तसाच चालला असता, पण मी तो काढून नुसतं ‘कणगी’ आणि खाली ‘पंढरी देवजी आगिवले, उंबरपाडा’ एवढंच ठेवलं.

संध्याकाळी उद्घाटन झालं. अशा समारंभांना येणारी माणसं आली, एकमेकांना भेटली आणि भिंतींकडे पाठ करून गप्पा मारत उभी राहिली. पण थोड्या वेळाने कुणीतरी वाकून कणगीत गेलं. बाहेर आलं ते वेगळाच चेहरा घेऊन, आणि त्याने दुसऱ्याला आत पाठवलं. बघता बघता तिथे रांग लागली. कुणी पंढरीचा हात हातात घेऊन हलवला, कुणी फोटो काढले. पंढरी हे सगळं कोरड्या चेहऱ्याने सोसत होता. सावळी मातीचे हात आणि बादली धुवायला मागे मोरीवर गेली होती.

तेवढ्यात मंगळू आला. कुणालीने गिरणीतल्या सगळ्यांना यायला सांगितलं होतं. मंगळू नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून हसत हसत आत शिरला, आणि कणगी बघून जागच्या जागी थिजला. दिवाळीपासून तो घरी गेला नव्हता. त्याने कणगीकडे पाहिलं, तिच्याशेजारी एकट्या उभ्या असलेल्या पंढरीकडे पाहिलं. चेहरा पार उतरला. हळूहळू पुढे येऊन त्याने पंढरीच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘कवा झालं रे?’’ त्याने विचारलं. ‘‘मला सांगावा तरी धाडायचा.’’

आजूबाजूच्या माणसांना यातलं काही कळत नव्हतं. मला कळलं, आणि वळून बघतो तर हातातली बादली घेऊन सावळी मागेच येऊन उभी होती आणि तिने ते ऐकलं होतं. ज्याची तिला धास्ती होती, ते तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. पाड्याकडचा माणूस तिच्या नवऱ्याला तिच्या मरणाचं विचारत होता.

‘‘मंगळ्या,’’ ती म्हणाली.

मंगळू वळला. बिचारा दोन पावलं मागे सरला.

‘‘डोळं फाडून बघू नको. मी हाय. धडधाकट हाय.’’

‘‘मंग ही उघडी?’’ मंगळूने कणगीकडे बोट केलं.

‘‘उघडीच हाय. तशीच पुरी झालीय ती,’’ सावळी म्हणाली. ‘‘हिच्यात बाईच्या हाताला काम नाय. मी लिंपली व्हती, मीच काढली. ह्या हातांनी. पाड्यात जाशील तवा कुनी काय बोलला तर सांग, सावळीनं जित्तेपनी सोता काढलीय.’’

मंगळूने मान हलवली, पण त्याला पटलेलं दिसलं नाही. पाड्यातही ते सहज कुणाला पटणार नाही, लोक कुजबुजतील, आणि हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तिने बादली खाली ठेवली आणि पदराने हात पुसले.

पंढरी तिच्याकडे बघत होता. मग तो वळला, रांगेतल्या सगळ्यांच्या पुढे गेला आणि वाकून कणगीत शिरला. कणगी दालनात आल्यापासून त्याने तिच्यात पाऊल टाकलं नव्हतं. वरचा दिवा फिरत होता. पंढरी लवकर बाहेर आला नाही. रांगेत चुळबुळ सुरू झाली. पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी घड्याळ पाहिलं आणि आत डोकावायला वाकल्या.

सावळीने दारात आडवा हात धरला.

‘‘जरा थांबा,’’ ती म्हणाली. ‘‘ज्याची हाय, तो आत गेलाय.’’